मदत हवी आहे: साउंड कार्डला माइक जोडला, पण मोनो केलं की गाण्याचा आवाजच नाहीसा होतो

नमस्कार,

गेले तीन आठवडे घरच्या कॉम्प्युटरवर माझं गाणं रेकॉर्ड करायचा प्रयत्न करतेय आणि आता पुरती अडकले आहे. चूक नेमकी कुठल्या टप्प्यावर होतेय हेच कळत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माइक डायनॅमिक आहे, स्टेजवर हातात धरून गातात तसा, खाली तीन पिनांचं एक्सएलआर कनेक्शन असलेला. डेस्कटॉपचं साउंड कार्ड मदरबोर्डवरचंच. मागे गुलाबी, निळा आणि हिरवा असे तीन जॅक. केबल तयार मिळाली ती घेतली: एका टोकाला एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीची पिन. त्या पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत.

आधी निळ्या जॅकमध्ये लावून पाहिलं. आवाज इतका बारीक की माइक ओठांना टेकवून गायले तरी ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) रेघ जेमतेम हलते. मग गुलाबी जॅकमध्ये लावलं, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये मायक्रोफोन बूस्ट +२० डीबी केला, तेव्हा कुठे आवाज आला. त्याबरोबर 'शूंऽऽ' असा सततचा आवाज आणि खाली एक बारीक घुमणारी गुणगुणही आली. ती निदान समजण्यासारखी आहे, बूस्ट केल्यावर सगळंच वाढणार.

खरी अडचण पुढेच आहे. रेकॉर्डिंग स्टिरिओत होतं, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन चॅनल. हेडफोनवर ऐकलं की माझा आवाज समोरून येत नाही, डोक्याच्या आत कुठेतरी पसरल्यासारखा, पोकळ वाटतो. तेही चालवून घेतलं असतं. पण गाणं संगीताच्या ट्रॅकवर बसवून फाइल मोबाइलला पाठवली आणि मोबाइलच्या एकुलत्या स्पीकरवर लावली, तर वाद्यं नीट वाजतात आणि गाणारी जवळपास गायब! अगदी लांब, भिंतीपलीकडून कुणी गुणगुणावं एवढंच ऐकू येतं. ऑडॅसिटीत ट्रॅक मोनो केला, म्हणजे दोन्ही चॅनल मिळवून एक केला, तरी तेच. गंमत म्हणजे ती घुमणारी गुणगुण मात्र मोनो केल्यावरही जशीच्या तशी राहते. आवाज जातो, खरखर राहते.

आठ गाणी अशी रेकॉर्ड झाली आहेत. त्यातली दोन फार मनासारखी झालीत, आता पुन्हा तशी गाता येतील असं वाटत नाही. माइक खराब आहे का? साउंड कार्ड? की कंडेन्सर माइक घ्यायला हवा होता? आणि एक छोटा प्रश्न: गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकला की तो जरा उशिरा येतो, त्याने लय चुकते. त्यावर काही उपाय?

प्रतिसाद

माइक आणि साउंड कार्ड दोन्ही ठणठणीत आहेत. दोष केबलच्या जोडणीत आहे, आणि तुमची आठही गाणी वाचतील. काही पुसू नका.

एक्सएलआरमध्ये पिन १ म्हणजे शील्ड, तारांभोवतीचं संरक्षक आवरण. पिन २ आणि पिन ३ वर एकच आवाज येतो, पण उलटसुलट: एकीवर लाट वर जाते तेव्हा दुसरीवर खाली. तुमच्या केबलमध्ये पिन २ ही ३.५ मिमी पिनेच्या टोकाला आणि पिन ३ मधल्या कडीला जोडलेली असणार. कॉम्प्युटरला हे काही माहीत नसतं. तो टोकाला डावा चॅनल समजतो आणि कडीला उजवा. म्हणजे डावीकडे तुमचा आवाज सुलटा, उजवीकडे तोच उलटा. दोन्ही मिळवले की शून्य. गुणगुण मात्र केबलच्या दोन्ही तारांत सारखीच शिरते, ती उलटत नाही, म्हणून ती मिळवल्यावरही उरते.

आता हेच आपल्या बाजूने वळवून घ्या. ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅकचे दोन वेगळे मोनो ट्रॅक करा, उजवा निवडून त्याला 'इन्व्हर्ट' (लाट उलटी करणारा इफेक्ट) लावा, मग दोन्ही मिसळून एक मोनो ट्रॅक करा. आवाज परत येईल आणि दोन्हीकडे सारखी असलेली गुणगुण बरीचशी कटेल. 'शूं' राहील, कारण ती साउंड कार्डाच्या आतली आहे आणि दोन्ही चॅनलमध्ये वेगवेगळी असते. संगीत मिसळण्याआधीचा, फक्त आवाजाचा ट्रॅक घ्या; नाहीतर इन्व्हर्ट केल्यावर वाद्यंच जातील.

निळा जॅक लाइन-इन आहे. त्याला साधारण ०.३ व्होल्टचा सिग्नल हवा असतो. डायनॅमिक माइक सर्वसाधारण पातळीच्या आवाजाला एक-दोन मिलिव्होल्ट देतो. दीडशे ते तीनशे पटींचा फरक आहे, तो बूस्टने भरून काढायला गेलं की शूं येणारच. कंडेन्सर घेतलात तर अडचण वाढेल: स्टुडिओच्या कंडेन्सरला बहुतेक करून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो आणि गुलाबी जॅक हेडसेटच्या माइकपुरते दोन ते पाच व्होल्ट देतो. पैसे घालायचेच असतील तर यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये घाला. त्यात माइकसाठी नीट प्रीअँप (बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) असतो आणि मदरबोर्डवरचं साउंड कार्ड वाटेतून बाजूलाच होतं. डायरेक्ट मॉनिटरिंग असलेलं बघा, त्यात स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. तोवर विंडोजचं 'लिसन' (माइकचा आवाज हेडफोनमध्ये ऐकवणारी सोय) बंद ठेवा आणि हेडफोनचा एक कान उघडा ठेवून गा.

दुसरा प्रतिसाद

केबल डागता येत असेल तर पिन २ टोकाला, १ आणि ३ एकत्र करून पिनेच्या बुडाच्या भागाला, आणि मधली कडी मोकळी सोडा. काही कार्डांत कडीवर ते हेडसेटचे व्होल्ट असतात, म्हणून तिथे काही जोडू नका. मग फक्त डावा चॅनल मोनोत रेकॉर्ड करायचा. रोज गाणार असाल तर हे सोपं. पण वरची इन्व्हर्टची युक्ती गुणगुण काढते, ती सोय यात जाते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मल्टिमीटरने तपासलं, केबल अगदी तुम्ही म्हणालात तशीच आहे: २ टोकाला, ३ कडीला. मघाशी पहिलं गाणं इन्व्हर्ट करून मोनो केलं. आवाज समोर येऊन उभा राहिला! गुणगुण इतकी कमी झाली की कडव्यांच्या मधे मी वहीचं पान उलटते तेसुद्धा ऐकू येतंय. मोबाइलवरही लावून पाहिलं, शब्द न् शब्द स्पष्ट. केबल सध्या आहे तशीच ठेवतेय. उरलेली सात गाणी आज रात्री करायला घेते.