मदत हवी आहे: आयर्न मेडनचं महाग तिकीट घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पन्नाशीच्या दौऱ्याची तिकिटं काढायची आहेत. मी जर्मनीत असतो आणि पुण्याहून दादाला खास बोलावतोय. 2007 ला मेडन बेंगळुरूला आले तेव्हा त्याची परीक्षा होती, जाता आलं नाही. ती हळहळ त्याच्या मनात अजून आहे.

स्टेजजवळची दोन तिकिटं माझा जवळपास आठवड्याचा पगार खातील. मागच्या खुर्च्या त्याच्या निम्म्याहून कमी. या दौऱ्यात 1980 ते 1992 चीच गाणी आहेत, म्हणजे आम्ही कॅसेटवर ऐकलेलं सगळं! पण बास वाजवणारा स्टीव्ह हॅरिस 1956 चा, गायक ब्रूस डिकिन्सन 1958 चा, त्यात 2015 मध्ये त्याच्यावर कर्करोगाचे उपचार झालेले. ड्रमर निको मॅकब्रेनने 2024 च्या अखेरीस दौरे थांबवले, आता सायमन डॉसन वाजवतो.

ज्यांनी 2025 पासूनचा एखादा कार्यक्रम पाहिलाय त्यांनी कृपया सांगा: ब्रूसचा वरच्या पट्टीतला आवाज शेवटपर्यंत टिकतो का? डॉसनच्या वादनात जुना जोर जाणवतो का? आणि दादाचे गुडघे दुखतात, तर पुढे तासन्‌तास उभं राहण्यापेक्षा मागे बसून आवाज नीट ऐकू येतो का?