फ्रीटाऊनमधल्या वस्त्यांची नावं अशी कशी पडली?

नकाशावेडी:
मंडळी, काल सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनचा नकाशा बघत बसले होते. एकाच शहरात क्रू टाऊन, काँगो टाऊन, फुला टाऊन आणि जरा बाहेर गेलं की वॉटरलू! काँगो तर तिथून कुठच्या कुठे. कोणाला माहितीय का यामागचं?

बंदरकाठ:
ताई, तिथे कोण कधी उतरलं ते नावांवरूनच कळतं. 1792 ला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून साधारण 1200 काळे लोक आले, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांकडे गेले म्हणून गुलामीतून सुटलेले, पण कबूल केलेली जमीन नोव्हा स्कोशियात नीट मिळाली नाही म्हणून वैतागलेले. त्यांचं सेटलर टाऊन. 1800 मध्ये ते वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश सिएरा लिओन कंपनीविरुद्ध उठले आणि नेमके तेव्हाच जमैकाचे मरून लोक, म्हणजे मळ्यांवरून पळून स्वतंत्र राहिलेल्या गुलामांचे वंशज, जहाजातून पोचले, साडेपाचशेच्या आसपास, कंपनीने त्यांनाच हाताशी धरून बंड मोडलं. मग मरून टाऊन झालं. एकीकडच्यांनी दुसऱ्यांचं बंड मोडलेलं आणि राहायचं एकाच गावात, किती वर्षं मनात राहिलं असेल हो! क्रू म्हणजे लायबेरियाच्या किनाऱ्याकडचे खलाशी, जहाजांवर कामाला यायचे.

जुनी_वही:
काँगोचं सांगतो. 1807 ला ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला, त्यानंतर ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं पकडायचं आणि सुटलेल्यांना फ्रीटाऊनला उतरवायचं. त्यात काँगोकडचे बरेच होते, घरी परतायचा मार्ग नाही, म्हणून एकत्र राहिले. वॉटरलूचं वेगळं, तिथे 1819 मध्ये फौजेतून मोकळे केलेले सैनिक वसवले आणि नाव दिलं नेपोलियन हरला त्या लढाईचं. विल्बरफोर्स वस्तीचं नावही तसंच, गुलामीविरुद्ध लढलेल्या खासदाराचं. मला यातला फरक फार महत्त्वाचा वाटतो, काँगो टाऊन म्हटलं की तिथली माणसं दिसतात, वॉटरलू म्हटलं की नाव ठेवणारे साहेब दिसतात.

नकाशावेडी:
बापरे, एवढं सगळं! मग फुला टाऊनमध्ये अजून फुला लोकच राहतात का?

बंदरकाठ:
नाही ना. सुरुवातीला फुला, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्याच एका समाजाचे, व्यापारी होते, पण नंतर ती वस्ती आकू मुसलमानांची म्हणून ओळखली जायला लागली, म्हणजे जहाजांवरून सुटलेल्या, आताच्या नायजेरियाकडच्या योरुबा लोकांचे वंशज. आणि हे आकू नाव कशावरून, तर ते एकमेकांना भेटल्यावर ‘ए कू’ म्हणायचे त्यावरून.