१९६७ मस्टँग: पुढचे ड्रम काढून डिस्क बसवायची, सोबत काय काय बदलावं लागेल?

जुळेसोलापूर६७
नमस्कार मंडळी. गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग, २८९ व्ही-८, ऑटोमॅटिक, लेफ्ट हँड ड्राइव्ह. चारही चाकांना १० इंची ड्रम, बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा डबा) नाही, रिम १४ इंची लोखंडी. सात रस्ता ते विजापूर नाका अशा शहरातल्या फिरण्याला ब्रेक पुरतात. तुळजापूरचा घाट उतरताना मात्र तिसऱ्या-चौथ्या वळणापासून पॅडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. खाली दहा मिनिटं उभी केली की परत नीट. पावसात पहिला ब्रेक डावीकडे ओढतो. लायनर (शूवरचं, ड्रमला घासणारं अस्तर) नवे आहेत, व्हील सिलिंडर (चाकातले, शू दाबणारे) कोरडे आहेत, म्हणजे गळत नाहीत, ड्रमही मापात आहेत.

इथले एक मिस्त्री म्हणतात, इनोव्हाची डिस्क-कॅलिपर (कॅलिपर म्हणजे डिस्कला पॅड दाबणारा चिमटा) घ्या, पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) जुळतो, ब्रॅकेट एमआयडीसीतून लेथवर करून आणू. तसं करावं की बाहेरून किट मागवावं? मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑईलवर दाब देणारा) बदलावाच लागतो का? बूस्टर लागेल का? चेसिस कुठंही कापायचं नाही.

पानासेट
पॅडल कडक आणि थांबणं नाही, म्हणजे लायनर तापून पकड सुटतेय. पॅडल मऊ पडून खाली गेलं असतं तर ब्रेक ऑईल उकळलं म्हटलं असतं. ड्रमची उष्णता आतच कोंडते, त्यामुळं घाटासाठी डिस्क हाच इलाज. पाण्यानं ओढणंही त्यातच जाईल, कारण डिस्कवरचं पाणी एक-दोन फेऱ्यांत उडतं.

इनोव्हाचं करू नका ओ. पीसीडी दोन्हींचा ११४.३ मिमी, इथवर मिस्त्री बरोबर आहेत. पण इनोव्हाच्या डिस्कचं मधलं भोक ६०.१ मिमी आणि मस्टँगचा हब साधारण ७०.५ मिमी. भोक वाढवताना केंद्र केसभर सरकलं की डिस्क डोलते आणि पॅडल पायाखाली थरथरतं. शिवाय कचकन ब्रेक मारला की चाकाचा सगळा पीळ त्या ब्रॅकेटवर आणि त्याच्या बोल्टांवर येतो. ते कोणत्या पोलादाचं आहे हे कुणालाच माहीत नसताना त्यावर घाट उतरू नये.

मग तीन वाटा उरतात. पहिली, १९६५-६७ च्या मस्टँगला कंपनीकडूनच मिळायचे तसले चार पिस्टनचे कॅलिपर आणि ११.३ इंची डिस्क. दिसायला अस्सल, पण गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पिस्टन गंजून अडकतात. स्टेनलेस स्लीव्ह असलेलेच घ्या. दुसरी, १९७५-८० च्या फोर्ड ग्रॅनाडाचं स्पिंडल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो भाग), ११ इंची डिस्क आणि एका पिस्टनचा सरकता कॅलिपर. मजबूत काम आहे, फक्त टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा) टेपर त्या स्पिंडलमध्ये पूर्ण बसतो का ते आधी तपासा. तिसरी, तुमच्याच ड्रमच्या स्पिंडलवर बॅकिंग प्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) भोकांत बसणारं ब्रॅकेट असलेलं किट. तुमच्या गाडीला मी तिसरी वाट सुचवेन: काही कापावं लागत नाही आणि उद्या मूळ ड्रम परत चढवता येतात.

मागवण्याआधी रिम मोजा. ड्रमच्या गाडीची जुनी १४ इंची लोखंडी रिम बऱ्याचदा कॅलिपरला घासते. किटवाल्याकडून कॅलिपरचा कागदी साचा मागा, पुठ्ठ्यावर कापून रिमच्या आत फिरवा, सगळीकडं निदान ३ मिमी मोकळं हवं. काही किटांनी चाक थोडं बाहेर सरकतं, तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर मडगार्डला लागतो का तेही बघा.

अक्कलकोटरोड
डिस्क कुठली यावर सगळे बोलतात, पण काम बिघडतं ते मास्टर सिलिंडरपाशी. मस्टँगच्या ड्रममध्ये एक शू दुसऱ्याला ढकलतो, त्यामुळं पायाचा जोर आपोआप वाढतो. डिस्कला ही मदत नसते. तिला सगळा दाब तुमच्या पायातून, म्हणजे मास्टरमधूनच मिळायला हवा.

हिशोब करून बघा. पायाचा जोर ३० किलो आणि पॅडलचं प्रमाण ६ ला १ धरलं तर पुशरॉडवर (पॅडलपासून मास्टरला ढकलणाऱ्या दांड्यावर) १८० किलो. १ इंच बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) मास्टरमध्ये दाब होतो सुमारे ३५ किलो प्रति चौरस सेंमी, आणि १५/१६ इंच बोअरमध्ये सुमारे ४०. बदल दिसायला १/१६ इंचाचा, दाबात १३-१४ टक्क्यांचा फरक. मोबदल्यात पॅडल थोडं जास्त खाली जातं. बूस्टर नसेल तर १५/१६ चाच घ्या.

मास्टर डिस्क-ड्रमसाठीचाच हवा, यात तडजोड नको. ड्रमच्या मास्टरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. मागच्या ड्रमला तो लागतो, पण पुढच्या डिस्कच्या लाइनमध्ये राहिला की पॅड सुटतच नाहीत, चाक तापतं आणि सोलापूरच्या मे महिन्यात दहा किलोमीटरमध्ये वास सुटतो. दुसरं म्हणजे पॅड झिजतात तसं कॅलिपर जास्त ऑईल मागतो, म्हणून मास्टरचा मोठा कप्पा डिस्कला जोडायचा.

मागच्या लाइनमध्ये ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी-जास्त करणारा) टाका. जोरात ब्रेक मारला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात, आधी तीच लॉक होतात आणि गाडी फिरते. मागचा दाब सर्वांत कमी ठेवून सुरुवात करा आणि पुढची चाकं आधी लॉक होतील एवढाच वाढवत न्या.

पाइपाबद्दल नीट वाचा. या गाडीला ३/१६ इंची पाइप आणि ४५ अंशांचा डबल फ्लेअर (पाइपाचं दुहेरी दुमडून पसरवलेलं टोक) लागतो, नटाचे आटे ३/८-२४, म्हणजे ३/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना मेट्रिक आटे आणि बबल फ्लेअर (फुगीर टोक). फिटर हाताशी असलेला नट दोन आटे चढतो म्हणून पान्यानं दाबून बसवतो. तो आज गळणार नाही, घाटात गळेल. साधी तांब्याची नळीही नको, थरथरून कडक होते आणि फ्लेअरपाशी चिरते. स्टील किंवा निकेल-तांबं मिश्रधातूचीच घ्या.

ऑईल डॉट ४. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा किमान १५५. दर दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीच मिसळायचं नाही.

व्ही८_बार्शी
बसवतानाच्या गोष्टी सांगतो. गाडी जॅकवर नाही, घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नव्या डिस्कवर गंजरोधक तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पूर्ण काढा, नाहीतर पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात. बेअरिंगमध्ये चांगलं हाय-टेंपरेचर ग्रीस तळहातावर घेऊन, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत दाबून भरा. चाक फिरवत बेअरिंगचा नट १७ ते २५ फूट-पौंडांपर्यंत आवळा, मग अर्धा फेरा सोडा, मग नुसत्या बोटांनी टेकवा आणि नवी कॉटर पिन (नट फिरू न देणारी) घाला. हा नट घट्ट राहिला तर बेअरिंग जळतं, सैल राहिला तर डिस्क डोलून पॅड मागं ढकलते आणि पुढचा ब्रेक पोकळ लागतो. डायल गेज लावून डिस्कचा डोल मोजा, ०.१ मिमीच्या वर गेला तर हबचा चेहरा घासून साफ करून पुन्हा बघा.

कॅलिपरची हवा काढायची निपल वरच्या टोकाला आली पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर उलटा लागला तर ती खाली येते आणि बाटल्याच्या बाटल्या ऑईल ओतलं तरी वर अडकलेली हवा निघत नाही. पॅडल स्पंजी असेल तर सगळ्यात आधी हे बघा.

मास्टरची हवा गाडीवर चढवण्याआधी बाकावरच काढा. नंतर मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं असा क्रम. त्याआधी मागचे शू ड्रमला हलके घासतील इतके ॲडजस्ट करा. ते सैल असले की पॅडल खोल जातं आणि माणूस विनाकारण हवा शोधत बसतो.

नवीन काम झाल्यावर ब्रेक पकडून राहिले तर अंदाजानं काही उघडू नका. गाडी पकडलेली असतानाच मास्टरचे दोन नट थोडे सैल करा. चाक सुटलं तर पुशरॉड लांब आहे, पिस्टन पूर्ण मागं येत नाही. १ ते दीड मिमी खेळ ठेवा. नाही सुटलं तर मास्टरपाशी पुढची लाइन सैल करा. तिथं सुटलं तर रेसिड्युअल व्हॉल्व्ह. तिथंही नाही आणि कॅलिपरच्या निपलला सुटलं तर होज पाइप आतून बंद झालाय किंवा पिळला गेलाय.

पॅड बसवायला मोकळा रस्ता बघून ५० वरून १० च्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवून गार करा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून सिग्नलला उभं राहिलं की तिथं डाग पडतो आणि तोच पुढं थरथर देतो.

जुळेसोलापूर६७
मनापासून आभार सगळ्यांचे. रिमला साचा फिरवून बघतो, किट तिसऱ्या वाटेचंच घेतो. एकच राहिलं: इंजिनात तेज कॅम (झडपा जास्त उघडणारा) आहे, गिअरमध्ये आयडलला व्हॅक्यूम १२ इंच (पाऱ्याचा) दाखवतो. बूस्टर लावू का?

अक्कलकोटरोड
नको. बूस्टरला १६ ते १८ इंच तरी हवेत. १२ वर तो पहिल्या ब्रेकला मदत करेल आणि लगेच दुसऱ्याला रिकामा पडेल, घाटात ते जास्त वाईट. शिवाय बूस्टरच्या पॅडलचं प्रमाण वेगळं, ४ ला १ च्या आसपास, म्हणजे पॅडलही बदलावं लागेल. १५/१६ चा मास्टर, तुमचं मूळ पॅडल आणि गार असतानाही पकडणारे मऊ ऑरगॅनिक पॅड लावा. शर्यतीचे कडक पॅड कुणी दिले तरी घेऊ नका, ते तापल्याशिवाय धरत नाहीत.

पानासेट
आणि किटसोबत दोन होज, पॅडचा एक जादा सेट आणि कॅलिपरचे सील आत्ताच मागवा. एका सीलसाठी नंतर परत पार्सल आणि कस्टम्स ड्युटी भरण्यापेक्षा एकाच खोक्यात आलेलं बरं.