विषय: पहिली दोन वर्षं कच्ची, एमएसचा अर्ज कसा करावा?

प्रेषक: प्लेन्सबरो

नमस्कार मंडळी,
मुलगा इथेच अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स करतोय, तीन वर्षं झाली. पहिल्या ३० क्रेडिट्सना (म्हणजे पहिल्या वर्षी) जीपीए, चारपैकी सरासरी, २.०, पुढच्या ३० ना २.६, तिसऱ्या वर्षी ३.५. कॅल्क्युलस टूमध्ये डी (जेमतेम पास) आहे. एमएसला जिथे पाहावं तिथे ३.० मागतात. उन्हाळ्यात जुने कोर्स परत करून एकूण आकडा वर आणावा का?

प्रेषक: सॅन होजे

आधी बेरीज करू. ९० क्रेडिट्सवर एकूण २.७० होतो. पदवीच्या १२० क्रेडिट्सना ३.० गाठायचा तर शेवटचं वर्ष ३.९ ने काढावं लागेल, म्हणजे जवळपास सगळे ए. ३.७ मिळवला तरी एकूण २.९५ वरच थांबतो. या आकड्याच्या मागे लागून हाती फार येणार नाही.

पण तेच ३.७ धरून शेवटच्या ६० क्रेडिट्सचा जीपीए काढा: ३.६. किती तरी ठिकाणी हाच आकडा बघतात. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन शेवटच्या ६० सेमिस्टर क्रेडिट्सवर ३.० मागते. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला शेवटची दोन वर्षं मोजतात. टेक्सास ऑस्टिनला वरच्या वर्गांचे कोर्स. आमच्याकडच्या कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) शेवटच्या ६० युनिट्सवर २.५ पुरतो. अर्थात हे झालं ग्रॅज्युएट स्कूलचं किमान. विभागाची चाळणी वेगळी आणि बारीक असते. फॉर्म भरण्याआधी दोन्ही पानं उघडून वाचा.

खरी गोची तारखांची आहे. चौथ्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये अर्ज केला तर फॉलचे, म्हणजे ऑगस्ट-डिसेंबर सत्राचे, मार्क आलेले नसतात. तेव्हा ‘शेवटचे ६०’ म्हणजे दुसरं आणि तिसरं वर्ष, आणि तो आकडा फक्त ३.०५. फॉलच्या १५ क्रेडिट्सना ३.७ आला आणि तो धरला गेला तर ३.३ च्या आसपास. पदवी हातात आल्यावर, म्हणजे एक वर्ष थांबून अर्ज केला, तर पूर्ण ३.६. मुलगा तोच, पण फाइल वेगळी दिसते. वर्षभर थांबायचं नसेल तर जानेवारीनंतरची डेडलाइन असलेले प्रोग्रॅम निवडा, नाहीतर फॉलचे ग्रेड लागल्या दिवशी नवा ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) अर्जाच्या पोर्टलवर चढवा. काही पोर्टलं सबमिट झाल्यावर काहीच घेत नाहीत, तेव्हा हे आधी विचारून ठेवा.

प्रेषक: प्लेनो

परत करायचा तो एकच कोर्स: कॅल्क्युलस टू. एमएसच्या कमिट्या कोणत्या विषयात डी आहे हे बघतात. गणितात डी आणि अर्ज मशीन लर्निंगचा, हे खटकतं. इतिहासात सी असला तर कुणाचं काही अडत नाही. ‘ग्रेड रिप्लेसमेंट’ म्हणून कॉलेज कदाचित जुना ग्रेड जीपीएतून काढेल, पण ट्रान्स्क्रिप्टवर दोन्ही राहतात. कम्युनिटी कॉलेजमधून केला तर सहसा घरच्या युनिव्हर्सिटीचा जीपीए हलत नाही, तो फक्त विषय येतो याचा पुरावा ठरतो. बाकीच्या वेळात अल्गोरिदम्स, लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी यांतले वरचे कोर्स घ्या आणि त्यातल्याच एका प्राध्यापकाचं पत्र मिळवा. ते सप्टेंबरअखेर मागा. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मागितलेली पत्रं घाईची निघतात.

आणि कृपया अख्खा एसओपी (अर्जासोबतचा स्टेटमेंट ऑफ पर्पज) पहिल्या वर्षाच्या रडगाण्यात घालवू नका. ‘अॅडिशनल इन्फर्मेशन’च्या रकान्यात तीन वाक्यं बास: काय झालं, काय बदललं, त्यानंतरचा जीपीए किती. आजारपणाचा तपशील, प्राध्यापकांवरचा राग, घरचे वाद यातलं काही नको.

प्रेषक: एडिसन

भारतातून पदवी घेऊन आलेल्यांसाठी थोडं वेगळं, कारण या मेलिंग लिस्टवर तेही बरेच आहेत. सीजीपीएला चारने गुणून दहाने भागू नका. ७.१ चे २.८४ होतात आणि स्वतःचाच घात होतो. फॉर्ममध्ये मूळ स्केल आणि मूळ आकडा लिहा, कुठे रूपांतर मागितलंच तर डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन करून घ्या. केटी लागलेल्यांनी प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, नापास झालेल्या प्रयत्नासकट, स्कॅन करून ठेवावी. सगळ्या मागितल्या असताना फक्त शेवटची एकत्रित गुणपत्रिका पाठवली तर लपवाछपवी वाटते.

जुने ग्रेड मध्ये येऊच नयेत असं हवं असेल तर कोलोरॅडो बोल्डरचा कोर्सेरावरचा एमएस बघा. तिथे ट्रान्स्क्रिप्ट मागतच नाहीत: ठरलेले तीन कोर्स क्रेडिटसाठी करा, त्यांचा जीपीए ३.० ठेवा, की प्रवेश. जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन एमएसला जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागत नाही, पण ३.० ला पसंती आहे आणि आत गेल्यावर पहिल्या बारा महिन्यांत दोन पायाभूत कोर्स बी किंवा वर काढावे लागतात. दोन्ही पूर्ण ऑनलाइन, त्यामुळे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. ज्यांचं स्टेटस त्यावर अवलंबून आहे त्यांनी हा रस्ता सोडून द्यावा.

प्रेषक: प्लेन्सबरो

आभार. एकूण २.९५ असताना जिथे सरसकट ३.० लिहिलंय तिथे फी भरणं म्हणजे पैसे पाण्यात का?

प्रेषक: सॅन होजे

फी भरण्याआधी विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला चार ओळींची मेल टाका: एकूण २.९५, शेवटच्या ६० ना ३.६, अशा अर्जासाठी विभाग ग्रॅज्युएट स्कूलकडे अपवाद मागतो का? ‘प्रोव्हिजनल अॅडमिशन’ असा शब्द उत्तरात आला तर सोबतची अट विचारा, बहुधा पहिल्या सेमिस्टरला ३.० राखायची असते. ‘ऑटोमॅटिक कटऑफ’ म्हणाले तर ते नाव यादीतून काढा. आणि मुलाला आजच स्टुडंट अकाउंट बघायला सांगा. पार्किंगच्या दंडाचा होल्ड (थकबाकीमुळे खातं अडवणं) असला तर काही ठिकाणी अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट निघत नाही, आणि ते नेमकं डेडलाइनच्या रात्री कळतं.