पू नाही, तरी पिंपल्सवर अँटिबायोटिक कशाला?

कांजूरवाली: हनुवटीवर लाल, ठणकणाऱ्या गाठी येतात. पू म्हणाल तर थेंबभर नाही. स्किनच्या डॉक्टरांनी रात्री जेवणानंतर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम आणि लावायला बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल दिलंय. गाठींची लाली आणि ठणका बराच उतरलाय, पण नाकावरचे काळे ठिपके जागच्या जागी. मग गोळी जंतूंवर चाललीय की सुजेवर? आई रोज ऐकवते, अँटिबायोटिक पाच दिवसांचं असतं, तीन महिने कसलं खातेस?

माटुंग्याची मावशी: वडापाव बंद कर आणि मुलतानी माती लाव. आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या!

काउंटरवाला: मावशी, माती वाळली की त्वचा ताणते, आतली गाठ आहे तिथेच राहते.

मी लालबागला मेडिकलच्या काउंटरवर असतो. बी. फार्म. आहे, डॉक्टर नाही. तुमचा अंदाज बरोबर आहे, गोळी दोन्हीवर चालते. केसाच्या मुळाशी तेल आणि मेलेल्या पेशी साठून छिद्र बुजतं. आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जंतू वाढतात. ते बाहेरून आलेले नाहीत, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतात. शरीराला त्यांची चाहूल लागली की पेशी इंटरल्युकिन-८ सारखी रसायनं सोडतात आणि न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशी, तिकडे धावतात. लाली, ठणका, सूज ही बरीचशी त्यांची करणी. जंतूंपेक्षा घरच्यांनीच जास्त मोडतोड केलेली असते.

डॉक्सी जंतूंच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटून त्यांचं प्रथिन बनवणं अडवते. ते फटाफट मरत नाहीत, वाढायचे थांबतात. शिवाय ती न्यूट्रोफिलची धाव मंदावते, त्वचेतलं कोलॅजेन हे प्रथिन कुरतडणारी एन्झाइम दाबते, ती रसायनंही कमी करते. म्हणून लाली उतरली. बुजलेली छिद्रं, म्हणजे तुमचे ते काळे ठिपके, उघडणं हे तिचं काम नाही. त्यासाठी अ‍ॅडापेलीनसारखं औषध लागतं, पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा.

आईंना सांगा, पाच दिवस घशाला ठीक, मुरुमाला साधारण तीन-चार महिने लागतात. पण त्यापुढे रेटायचं नाही. आणि जेल सोडून नुसती गोळी खायची नाही, जंतू गोळीला सरावतात. बेंझॉइल पेरॉक्साइडला ते सरावत नाहीत. आमच्याकडे लोक रिकामी पट्टी नाचवत येतात, "हेच द्या, मागे छान गुण आला होता." चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइडची क्रीम मागणारे. तिनेही लाली झटक्यात जाते, पण लावणं थांबवलं की चेहरा आधीपेक्षा जास्त भडकतो.

दातवाली: सुजेवरच्या कामाचा दाखला आमच्याकडे आहे. हिरड्यांच्या आजारात डॉक्सी २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. एवढ्याशा डोसने जंतू मरत नाहीत, फक्त हिरडी खाणारं एन्झाइम दबतं. रोझेशियात, म्हणजे चेहरा लाल होण्याच्या आजारातही, ४० मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल याच हिशोबाने देतात.

कांजूरवाली: आता कळलं! रात्री लोहाची गोळीही चालू आहे, दोन्ही एकदम घेते. चालेल ना?

काउंटरवाला: नाही चालणार. लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीवरची अँटासिड औषधं डॉक्सीला पोटात धरून ठेवतात, ती रक्तात नीट उतरत नाही. लोह सकाळी घ्या. डॉक्सी ग्लासभर पाण्याबरोबर, आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर छातीत अशी जळजळ होते की लोक हार्ट अटॅक समजून धावतात. दुपारच्या उन्हात उघड्या प्लॅटफॉर्मवर थांबणं होत असेल तर सनस्क्रीन आणि छत्री दोन्ही, या गोळीवर कातडी लवकर भाजते. दिवस राहायची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि जेल लावून झोपताना उशीला पांढरा अभ्रा घाला. रंगीत अभ्र्याचा रंग उडतो, आईंच्या हाती लागला तर गोळ्यांचा विषय बाजूलाच राहील.