आजीच्या ट्रंकेतील लुगडी-पोलकी ऑफिसात आणि लग्नात कशी घालावीत? मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर मिरजेचे आमचे जुने घर आवरताना माळ्यावरची आजीची लोखंडी ट्रंक खाली उतरवली आणि तिच्यातील कपडे मी पुण्याला घेऊन आले. त्यांत आजीची दोन इरकली लुगडी आहेत, एक काळी चंद्रकळा आणि एक हिरवे. शिवाय एक नारायणपेठी, खणाची चार पोलकी, आईची लग्नानंतरच्या काळातील ठिपक्यांची नायलॉनची साडी आणि बाबांचा रुंद, टोकदार कॉलरचा टेरिकॉटचा शर्ट. हे सारे पुन्हा ट्रंकेत न ठेवता मला अंगावर घालायचे आहे, काही रोज ऑफिसला आणि काही येत्या मार्गशीर्षात सांगलीला होणाऱ्या मावसबहिणीच्या लग्नात. त्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे. अर्धवट माहितीवर सल्ला देणे कोणालाच सोपे नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

मला या कपड्यांतील भारदस्तपणापेक्षा त्यांच्यातील खेळकरपणा जास्त आवडतो. रुपयाएवढे ठिपके, फुग्याच्या बाह्या, काठाला काठ न जुळणारे पोलके हौसेने घालण्याची त्या काळची रीत, हे सारे पाहिले की मन प्रसन्न होते. आईच्या साडीवर गर्द निळ्या रंगावर पांढरे ठिपके आहेत. १९७३ साली आलेल्या हिंदी चित्रपटापासून अशा ठिपक्यांना ‘बॉबी प्रिंट’ म्हणू लागले आणि आई आजही त्या साडीला ‘माझी बॉबी’ असेच म्हणते. ही साडी मी पांढऱ्या टू बाय टू रुबियाच्या, गोल कॉलरच्या, कोपरापर्यंत बाह्या असलेल्या ब्लाऊजवर ऑफिसला नेसून गेले. कानांत मोत्याच्या कुड्या आणि पायांत साध्या काळ्या चपला, एवढेच. तो दिवस फार छान गेला. अडचण एवढीच आली की नायलॉन घाम शोषत नाही आणि साटीनच्या परकरावर ती साडी पायांना सारखी चिकटत राहिली. दुसऱ्या वेळी सुती परकर वापरला तेव्हा पुष्कळ फरक पडला, परंतु बसमध्ये उभे राहून तासभर प्रवास केल्यावर कंबरेपाशी घामाने हाल होतात. अशा साड्या नियमित नेसणाऱ्यांनी यावर काय उपाय केला आहे? ऑफिसला पोहोचल्यावर नेसणे हा एक मार्ग आहे, पण माझ्या ऑफिसात तशी जागा नाही.

संक्रांतीला मात्र माझे गणित चुकले. चंद्रकळा नऊवारी नेसून, खणाचे पोलके, अंबाडा, त्यावर शेवंतीची वेणी, गळ्यात ठुशी आणि पायांत कोल्हापुरी असा सर्व साज करून मी ऑफिसला गेले, तेव्हा तिघी-चौघींनी प्रेमानेच विचारले की आज कोणता कार्यक्रम आहे. सर्व गोष्टी एकाच काळातल्या झाल्या की तो पोशाख राहत नाही, पात्र होते, असे मला त्या दिवशी जाणवले. तेव्हापासून मी स्वतःपुरता नियम केला आहे की ऑफिसला जाताना अंगावर एका वेळी एकच जुनी वस्तू असावी आणि बाकी सारे आजचे. खणाचे पोलके असेल तर त्याखाली साधा खादीचा पायघोळ परकर, केस मोकळे आणि दागिना कोणताच नाही. बाबांचा शर्ट असेल तर बाह्या कोपरापर्यंत दुमडून तो परकरात खोचायचा. हा नियम आपल्याला पटतो का, की तो फार कडक आहे? काही मैत्रिणींचे म्हणणे आहे की दोन जुन्या गोष्टी चालतात, मात्र त्या वेगवेगळ्या दशकांतल्या हव्यात. मला ते ऐकायला आवडले, पण प्रत्यक्षात खणाच्या पोलक्यावर टेरिकॉटचा शर्ट उघडा घालून पाहिला तेव्हा दोन्हींची शोभा गेली.

आता मुख्य प्रश्न. लग्नाच्या मुहूर्ताला हिरवे इरकली लुगडे नेसावे असे माझ्या मनात आहे. आमच्याकडे लग्नात काळे चालत नाही, त्यामुळे चंद्रकळेचा विचारच नाही. लुगडे नऊवारी, म्हणजे साधारण ८.२ मीटर लांब आहे. आईचे म्हणणे असे की ते कापून साडेपाच मीटरची गोल साडी करावी आणि उरलेल्या पावणेतीन मीटरचा परकर शिवावा, म्हणजे दोन्ही वस्तू वर्षभर वापरात राहतील. परकराचा हिशेब बसतो, कारण लुगड्याचा पन्हाच परकराची उंची होतो आणि काठ आपोआप खाली घेराला येतो. आत्या मात्र म्हणते की आजीच्या लुगड्याला कात्री लावू नये. मला दोघींचेही म्हणणे खरे वाटते आणि म्हणूनच गेले दोन महिने कात्री हाती घेतलेली नाही.

लुगडे उजेडासमोर धरले की अडचण अधिक स्पष्ट होते. अंग सुती आहे, पदर लाल रेशमाचा. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे मागावरच एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. विणकर त्या जोडाला कोंडी म्हणतात आणि पदरावरच्या पांढऱ्या नक्षीला टोप-तेनी. तो जोड बोटाला बारीक कंगोऱ्यासारखा लागतो आणि तो अजून पूर्ण शाबूत आहे. काठही घट्ट आहे. परंतु जेथे काष्टा येत असे तेथे, पदराच्या टोकापासून सुमारे चार मीटरवर, हातभर लांबीचे कापड इतके विरले आहे की त्यातून खिडकीचे गज दिसतात. पदर राखण्यासाठी कापायचे ते दुसऱ्या टोकाकडूनच कापावे लागेल आणि तसे कापल्यास हा विरलेला भाग गोल साडीच्या नेमका निऱ्यांत येईल, म्हणजे चालताना सर्वांत जास्त ताण बसणाऱ्या जागी. तेथे आतून मलमलीचे अस्तर हाताने टाचून घेतले तर निऱ्या जाड होतील का? की तेवढा भाग काढून टाकून दोन तुकडे जोडावेत आणि जोड कंबरेशी खोचला जाईल अशा बेताने ठेवावा? न कापता नऊवारीच नेसावे, तर विरलेला भाग पुन्हा काष्ट्यातच जातो आणि जेवणाच्या पंगतीला बसताना तो फाटण्याची भीती वाटते.

भीती उगाच नाही. खणाच्या चारांपैकी एक पोलके मी गमावले आहे. ते दंडात घट्ट होत होते, म्हणून एका शिंप्याकडे दिले. आत माया भरपूर होती, त्यामुळे ती सोडून सैल करणे सोपे जाईल असे आम्हा दोघांनाही वाटले. त्यांनी बारीक टाक्याची मशीनची टीप मारली आणि पहिल्याच दिवशी वरच्या फळीवरची फाईल काढताना काखेत ते टिपेच्या रेषेवरच सरळ फाटले. घामाने वर्षानुवर्षे कमकुवत झालेल्या धाग्यांत सुईची इतकी जवळजवळ छिद्रे पडल्यावर दुसरे काय होणार? पण हे मला फाटल्यानंतर कळले. त्या पोलक्याची पाठ मात्र चांगली आहे. निळ्या-जांभळ्या धूपछावेच्या त्या कापडावर तांदळाच्या दाण्याएवढी नक्षी आहे. तिचा उपयोग पांढऱ्या सुती ब्लाऊजच्या कॉलरसाठी आणि बाह्यांच्या पट्टीसाठी करावा असा विचार आहे. इतर तीन पोलक्यांच्या काखेत नव्या कापडाची चौकोनी कळी बसवून ताण कमी करता येईल, असे आई सुचवते. हे कोणी करून पाहिले आहे का?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या घरी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि सर्वांनी साठ-सत्तरच्या दशकांतले कपडे घालून यायचे ठरले आहे. तेथे माझा ‘एकच वस्तू’ हा नियम मी आनंदाने मोडणार आहे. आईची बॉबी, फुग्याच्या बाह्यांचे पांढरे पोलके आणि लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या असा बेत आहे; बाबांचा शर्ट माझा नवरा घालणार आहे. माझे वय ३८ आहे. दोन वेण्या घालू नयेत असे मावशीचे स्पष्ट मत आहे, परंतु घरच्या मंडळींत एक संध्याकाळ तरी त्या घालाव्यात असे मला मनापासून वाटते.

काही जणांनी प्रतिसादांत विचारले, म्हणून येथेच भर घालते. नारायणपेठीविषयी मी जास्त लिहिले नाही, कारण ती उत्तम स्थितीत आहे आणि स्वागत समारंभाला साध्या एकरंगी ब्लाऊजवर तशीच नेसणार आहे. फक्त तिच्या जरीवर ट्रंकेतल्या डांबर गोळ्या थेट पडून राहिल्या होत्या, तेथे जर काळवंडली आहे. मी ती साडी आता धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवली आहे आणि जुन्या घडीच्या रेषा टाळून नव्याने घडी घातली आहे. काळेपणा काढण्यासाठी काहीही चोळण्याचा माझा विचार नाही. हिरव्या लुगड्याचा रंग जातो का, हे ओला पांढरा रुमाल काठाच्या आतल्या बाजूने दाबून पाहिले. लाल रंग किंचित उतरला, हिरवा उतरला नाही. म्हणून ते रिठ्याच्या पाण्यात बुडवण्याचे धाडसही अजून केलेले नाही.

पुणे, सांगली किंवा मिरज येथे जुन्या कापडावर हाताने काम करणारे, रफू आणि अस्तर दोन्ही जाणणारे कोणी कारागीर आपल्या माहितीत असतील, तर कृपया मला व्यक्तिगत संदेशातून कळवावे. कार्तिकी एकादशीपूर्वी लुगडे त्यांच्या हाती पोहोचावे असा प्रयत्न आहे आणि तोपर्यंत कापायचे की नाही याचा निर्णय मला घ्यावा लागेल. ज्यांनी आपल्या घरातील लुगडे कापले, आणि ज्यांनी कापायचे टाळले, अशा दोघांचेही अनुभव वाचायला मी उत्सुक आहे.