होम थिएटरवर संवाद नीट कळत नाहीत, सेंटर स्पीकर बदलावा का?

सांजवारा: घरी ५.१ सिस्टीम आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि जड आवाजासाठी एक सबवूफर. गाणी सुरेख वाजतात, पाऊस तर चहूबाजूंनी कोसळतो. पण माणसं बोलायला लागली की सगळं तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं. आवाज वाढवला की पुढच्याच क्षणी कुठेतरी स्फोट होतो आणि बाळ दचकून उठतं. आईचे कान चांगले आहेत, तरी सारखं "काय म्हणाला गं तो?" चालू असतं. सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कपाटाच्या खणात, पार आत सरकवलेला आहे. नवा घ्यावा का?

नादखुळा: ताई, एवढ्यात नवा घेऊ नका. ५.१ मध्ये जवळजवळ सगळे संवाद एकट्या सेंटरमधून येतात, आणि तुम्ही नेमका त्यालाच कोंडून ठेवलाय!

आधी त्याला खणातून काढा, टीव्हीसमोर एखाद्या स्टुलावर ठेवा आणि तेच दृश्य पुन्हा लावा. खणात खालच्या पट्टीतला आवाज घुमतो, म्हणून पुरुषांचं बोलणं घोगरं, जड वाटतं. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. 'पाच' म्हणाला की 'पाट', हे शेवटच्या निसटत्या आवाजावर ठरतं. स, श, च, त यांची धार बहुतेक २००० हर्ट्झच्या वर असते आणि ताकद कमी, त्यामुळे घुमण्याखाली ती सहज दबते.

स्टुलावर फरक जाणवला तर कायमची सोय करा. खणातच ठेवायचा असेल तर स्पीकरचं तोंड फळीच्या कडेच्या किंचित पुढे आलं पाहिजे, नाहीतर फळीवरून आपटलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. पुढच्या कडेखाली रबराचे तुकडे देऊन तोंड वर करा. जाळी काढून नेहमीच्या जागी बसा आणि बघा: ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा भाग) तुमच्या तोंडाकडे रोखलेला दिसला पाहिजे. खालच्या खणातले बहुतेक स्पीकर बिचारे गुडघ्यांशी बोलत असतात.

मग रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्यात) सेंटर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो, आणि सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. त्याहून फार चढवू नका, बोलणं चित्रातून सुटून पुढे आल्यासारखं वाटतं. बाळासाठी रात्री डायनॅमिक रेंज कम्प्रेशन लावा, काही रिसीव्हरवर त्याला 'नाइट मोड' म्हणतात. स्फोट दबतात, कुजबुज वर येते. फरशी उघडी असेल तर सोफ्यापुढे जाड सतरंजी घाला.

तारांबळ: एक राहिलं. सिनेमा लागलेला असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय येतं ते बघा. टीव्हीचं ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर बऱ्याचदा रिसीव्हरला नुसता स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज मिळतो. मग रिसीव्हरही स्टिरिओ मोडवर असला तर सेंटर गप्पच बसतो. टीव्हीत 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' निवडा. मुळातच स्टिरिओ असलेल्या कार्यक्रमांना 'डॉल्बी सराउंड' मोड लावा, तो आवाज सगळ्या स्पीकरांत वाटतो आणि बोलणं मधे येतं.

सांजवारा: टीव्ही खरंच पीसीएमवर होता. तो बदलला, स्पीकर कडेला आणून तिरका केला. समोर बसलं की शब्द न् शब्द कळतो! आईची जागा मात्र अगदी कोपऱ्यात आहे, तिथे अजून बोलणं दबकं येतं.

नादखुळा: तुमचा सेंटर आडवा, मधे ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड आवाजाचा मोठा भाग) असा असेल ना? दोन्ही वूफर एकच आवाज काढत असतील तर समोर ठीक असतं. कोपऱ्यात बसलं की दोघांचं अंतर वेगळं पडतं आणि संवादाच्याच पट्ट्यातले काही सूर एकमेकांना खोडतात. हे सेटिंगने जाणार नाही. आईंची खुर्ची मधल्या बाजूला सरकवा, थोडीशीही पुरेल. ते जमणारच नसेल तर मात्र नवा सेंटर घ्या, पण थ्री-वे, म्हणजे जाड, मधल्या आणि बारीक आवाजाला वेगवेगळे भाग असलेला: मिडरेंज (मधल्या आवाजाचा भाग) आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर असलेला.